क्षला क्ष उडाला

शाळेच्या वहीतली एक ओळ आहे. निळी शाई, किंचित वर चढत गेलेली आडवी रेघ, रेघेवर क्ष² − ४ आणि खाली क्ष − २. पुढे तिरक्या काटा मारलेल्या. क्ष² वर एक, खालच्या क्ष वर एक. ४ वर एक, २ वर एक. क्ष² च्या डोक्यावर बारीकसा क्ष लिहिलेला, ४ च्या डोक्यावर बारीकसे २. दोन वजाची चिन्हं एकमेकांसमोर तशीच उभी राहिली होती, त्यांचंही काहीतरी करणं भाग होतं. तिथे शांतपणे ‘वजा-वजा अधिक’ झालेलं. उत्तर क्ष + २. शेजारी लाल शाईत बरोबरची खूण, शेपूट जरा लांबलेली, घाईत केलेली. उत्तर खरोखरच क्ष + २ आहे. पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूचीत तेच, संगणकाला विचारलं तरी तेच. आणि तरीही शेवटच्या उत्तराखेरीज त्या ओळीत खरं म्हणावं असं काही नाही.

एवढं चुकून उत्तर बरोबर आलंच कसं, हे काही डोक्यातून जात नाही.

रीतसर जायचं तर क्ष² − ४ ही दोन वर्गांची वजाबाकी. तिचे अवयव (क्ष − २)(क्ष + २). छेदात क्ष − २ आहेच. अंशात आता बेरीज-वजाबाकी नाही, गुणाकार आहे. म्हणून (क्ष − २) ला (क्ष − २) ने भाग गेला, १ आला, आणि १ गुणिले (क्ष + २) म्हणजे क्ष + २. वहीतल्या वाटेने मात्र पदाखाली पद धरून भागाकार केला. अंशातल्या पहिल्या पदाला छेदातल्या पहिल्याने, दुसऱ्याला दुसऱ्याने, चिन्हाला चिन्हाने. असा नियम गणितात कुठेच नाही. पण अ² − ब² ला अ − ब ने भागलं की अ + ब हेच येतं, आणि पदाखाली पद धरून ‘वजा-वजा अधिक’ केलं तरी अ + ब हेच येतं. म्हणजे या जातीच्या गणितात ही खोटी रीत कधीच उघडी पडत नाही. वर ९क्ष² − २५ आणि खाली ३क्ष − ५ ठेवा, पुन्हा बरोबर. दहा गणितं घाला, दहाही बरोबर. खोट दिसते ती चिन्ह बदलल्यावर: (क्ष² + ४)/(क्ष + २). त्याच हाताने काटा मारल्या की पुन्हा क्ष + २, आणि क्ष च्या जागी १ घातला तर डावीकडे ५/३ आणि उजवीकडे ३.

या सगळ्यात आपल्या बोलीचाही थोडा हात आहे. वर्गात कुणी ‘समान अवयवाने भाग दिला’ असं म्हणत नाही. ‘क्षला क्ष उडाला’ म्हणतात. ‘हा कापला’, ‘हा गेला’, ‘काट मारली’. ऐकायला छान, झटपट, खडू फळ्यावर तिरका ओढताना येणाऱ्या त्या करकरीत आवाजाला शोभणारं. पण उडणं म्हणजे नाहीसं होणं. नाहीशा झालेल्या गोष्टीचा हिशेब कुणी मागत नाही. ‘भाग जाणे’ हा आपलाच जुना शब्दप्रयोग किती नेमका आहे बघा: कशाने भाग जातो, कशाला जातो, आणि गेल्यावर किती उरतं, हे तिन्ही प्रश्न त्याच्या पोटातच आहेत. ‘उडाला’ म्हटलं की तिन्ही प्रश्न उडतात. म्हणूनच (क्ष + २)/(क्ष² + ५क्ष + ६) या गणितात अंश पूर्ण कापला गेला की कितीतरी वह्यांत वरची जागा रिकामी राहते. रिकामी म्हणजे शून्य, म्हणून उत्तर शून्य. किंवा वर काहीच नाही म्हणून रेघही पुसायची, आणि उत्तर क्ष + ३. खरं तर छेद म्हणजे (क्ष + २)(क्ष + ३), त्यातल्या (क्ष + २) ने वरच्या (क्ष + २) ला भागल्यावर १ उरतो आणि उत्तर १/(क्ष + ३) आहे. काट मारलेल्या कंसाच्या कोपऱ्यावर बारीक १ लिहायची जुनी सवय वेळखाऊ वाटते खरी, पण ही चूक तेवढ्यानेच थांबते.

अपूर्णांकाची आडवी रेघ हीसुद्धा जरा फसवी आहे. ती नुसता भागाकार सांगत नाही, वरच्या सगळ्याला एक कंस घालते आणि खालच्या सगळ्याला दुसरा. हे कंस दिसत नाहीत. क्ष + ६ वर, क्ष + २ खाली. रेघेचा अर्थ असा की अख्ख्या (क्ष + ६) ला अख्ख्या (क्ष + २) ने भागायचं. हेच एका ओळीत टंकताना कंस विसरून क्ष + ६/क्ष + २ लिहिलं तर राशीच बदलते, तिथे फक्त ६ ला क्ष ने भागलं जातं. कागदावर रेघ लांब असते म्हणून आपण वाचतो, पण नजर तिच्याकडे कंस म्हणून बघत नाही. नजरेला वर एक क्ष दिसतो, खाली एक क्ष दिसतो, आणि हात काट मारायला निघतो. उरतं ६/२, म्हणजे ३. आता क्ष ला १० समजा. (१० + ६)/(१० + २), म्हणजे १६/१२. वरचा १ आणि खालचा १ कापून ६/२ करावं, असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. दशकस्थानचा १ म्हणजे मिळवलेले दहा आहेत, गुणलेले नाहीत, हे अंकांच्या बाबतीत पक्कं रुजलेलं असतं. अक्षर आलं की ते विसरायला होतं, कारण अक्षर हे एखाद्या वस्तूसारखं दिसतं, उचलून बाजूला ठेवण्याजोगं.

अंकांतही अशी चोरवाट नाही असं नाही. १६/६४ मधले दोन ६ कापा, १/४ उरतं आणि ते बरोबर आहे. १९/९५ मधले ९ कापले तर १/५, तेही बरोबर. २६/६५ आणि ४९/९८ ही आणखी दोन. दोन अंकी संख्यांत, ११/११ सारखी उघड उदाहरणं सोडली आणि किंमत एकापेक्षा लहान घेतली, तर ही चारच आहेत. गंमत म्हणून १६६/६६४ आणि १६६६/६६६४ सुद्धा बघता येतात, सगळे ६ कापून दोन्हींचं १/४ होतं. पण ही गंमत आहे हे सगळ्यांना कळतं, १६/६४ वरून कुणी नियम बनवत नाही. क्ष² − ४ ची अडचण अशी की तिथली चोरवाट चार ठिकाणी नाही, सबंध सूत्रभर आहे. आणि ते सूत्र अवयवांच्या धड्यात सगळ्यात जास्त वेळा येणारं.

उत्तर तपासायला किंमत घालून बघणं हा उत्तम उपाय, सगळे सांगतात. कोणती किंमत घालायची हे मात्र क्वचितच सांगितलं जातं, आणि सोपी म्हणून पोरं शून्य घालतात. शून्य हा या चुकीचा सख्खा भाऊ आहे. (क्ष + ६)/(क्ष + २) मध्ये क्ष = ० घाला: ६/२ = ३. चुकीचं उत्तर पास. (क्ष² + ४)/(क्ष + २) मध्ये घाला: ४/२ = २, आणि क्ष + २ सुद्धा २. हेही पास. साहजिकच आहे, क्ष बेकायदा पुसून टाकणं आणि क्ष ला शून्य करणं यांत शून्यापुरता फरकच राहत नाही. १ घातल्याने घातांकांच्या चुका लपतात, कारण १ चा वर्ग, घन सगळं १ च. मग २ किंवा ३ घालावेत तर तेच नेमके छेदाला शून्य करणारे निघतात, कारण पुस्तकातल्या गणितांत अवयव बहुधा छोट्या अंकांचे असतात. त्यापेक्षा १० घालावा. क्ष² + ५क्ष + ६ मध्ये १० घातला की १५६ येतात, आणि १५६ म्हणजे १२ × १३, म्हणजे (क्ष + २)(क्ष + ३) समोर उभे. क्ष² − ४ चे ९६, क्ष − २ चे ८, भागाकार १२, म्हणजे क्ष + २. क्ष² + ४ चे १०४, त्याला १२ ने भाग जात नाही, संपलं. सहगुणक, म्हणजे क्ष च्या घातांपुढचे आकडे, लहान आणि धन असतील तर बहुपदी दहाच्या किमतीला चक्क संख्येसारखी वाचता येते. वजा चिन्हं आली की ही सोय विरघळते, पण तपासणी म्हणून दहा तरीही चांगलाच.

अवयव पाडण्याचं काम मात्र नुसत्या तपासणीने होत नाही, त्याला हात बसावा लागतो. त्यात पहिलं पाऊल बहुतेक वेळा वगळलं जातं: सामाईक काय आहे ते आधी बाहेर काढणं. (३क्ष³ − १२क्ष)/(६क्ष² − २४क्ष + २४) घ्या. वर थेट सूत्र शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही, कारण ३क्ष³ हा वर्ग नाही आणि १२क्ष ही नाही. ३क्ष बाहेर काढला की आत क्ष² − ४ उरतो, आणि ओळख पटते: ३क्ष(क्ष − २)(क्ष + २). खाली ६ बाहेर, आत क्ष² − ४क्ष + ४, म्हणजे (क्ष − २)². आता ३ आणि ६ चं १/२, एक (क्ष − २) एकाशी, आणि खाली एक (क्ष − २) शिल्लक. उत्तर क्ष(क्ष + २)/(२(क्ष − २)). इथे दोन चुका ठरलेल्या. खाली वर्ग आहे हे विसरून दोन्ही (क्ष − २) उडवणं ही एक. आणि उत्तरात वर क्ष(क्ष + २), खाली क्ष − २ दिसतंय म्हणून आता पुन्हा क्ष ला क्ष उडवणं, ही दुसरी. वरचा क्ष गुणलेला आहे, खालचा क्ष दोनाला बांधलेला आहे. कंसात बांधलेलं एकटं सुटत नाही. गेलं तर कंसासकट जातं.

वर्गत्रिपदी आली की मधलं पद फोडायचं. २क्ष² + ५क्ष − ३ मध्ये पहिला सहगुणक २ आणि शेवटचं पद −३, गुणाकार −६. ज्यांचा गुणाकार −६ आणि बेरीज ५ अशा दोन संख्या: ६ आणि −१. म्हणून २क्ष² + ६क्ष − क्ष − ३. पहिल्या दोघांतून २क्ष बाहेर, २क्ष(क्ष + ३). उरलेल्या दोघांतून −१ बाहेर, −१(क्ष + ३). इथेच पाय घसरतो: −क्ष − ३ मधून −१ काढताना कंसात क्ष − ३ लिहिलं जातं. पण या रीतीला जन्मजात पहारेकरी आहे. दोन्ही कंस अगदी सारखे आले नाहीत तर पुढे जाताच येत नाही. कंस जुळले नाहीत की मागे वळून चिन्ह बघायचं, नवीन काही शोधायचं नाही. जुळले की (क्ष + ३)(२क्ष − १). याखाली २क्ष² − ७क्ष + ३ असेल तर त्याचे अवयव (२क्ष − १)(क्ष − ३), आणि सगळ्या राशीचं सरळरूप (क्ष + ३)/(क्ष − ३). इतकी मेहनत करून इथवर आल्यावर शेवटच्या ओळीत क्ष ला क्ष, ३ ला ३ आणि उरलं −१, असंही दिसतं. अंशाला अवयव पाडले, छेदाला पाडले, सगळं नेमकं केलं, आणि दारात येऊन ठेच. थकव्याचा भाग असेल. आणखी काही कापता येईल का अशी एक हावही असते. उत्तर जितकं आखूड तितकं बरोबर वाटतं.

चिन्हांचं म्हणाल तर (३ − क्ष) आणि (क्ष − ३) यांच्याइतकं फसवं जोडपं नाही. हे दोन कंस सारखे नाहीत आणि वेगळेही नाहीत. ३ − क्ष म्हणजे −(क्ष − ३), म्हणून एकाला दुसऱ्याने भागलं की −१ येतो. (९ − क्ष²)/(क्ष² − क्ष − ६) मध्ये वर (३ − क्ष)(३ + क्ष), खाली (क्ष − ३)(क्ष + २). एकतर विद्यार्थी इथे ‘काही कापत नाही’ म्हणून थांबतो, नाहीतर दोघांना सारखे समजून (क्ष + ३)/(क्ष + २) लिहितो आणि वजाचं चिन्ह हरवतो. उत्तर −(क्ष + ३)/(क्ष + २) आहे, आणि ते चिन्ह वरच्या कंसात नेलं तर −क्ष − ३ होतं, −क्ष + ३ नाही. तेवढ्यात कुणीतरी घाबरून (३ + क्ष) आणि (क्ष + ३) मध्येही −१ काढतो. बेरीज उलटी लिहिली तरी तीच राहते, वजाबाकीच उलटते. आणि कंसाचा वर्ग असेल तर (२ − क्ष)² आणि (क्ष − २)² एकच, तिथे चिन्हाची चिंता नको. घन असेल तर पुन्हा हवी. यात कुठेही नवा नियम नाही. दरवेळी −१ बाहेर काढून तो कागदावर लिहिला की भागतं. मनातल्या मनात काढलेला −१ सहसा मनातच राहतो.

भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. उलटण्याआधीच काटा मारायची घाई ही तिथली नेहमीची चूक. त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

आता त्या उडालेल्या कंसाचं काय झालं हे विचारायला हवं. (क्ष² − ४)/(क्ष − २) आणि क्ष + २ या दोन राशी एकच आहेत असं आपण बरोबरचं चिन्ह टाकून सांगतो. क्ष = ५ ला दोन्ही ७, क्ष = २.००१ ला दोन्ही ४.००१. क्ष = २ ला मात्र उजवीकडे ४ येतात आणि डावीकडे ०/०, म्हणजे काहीच नाही. आलेख काढला तर सरळ रेषा येते, फक्त (२, ४) या ठिकाणी एक बिंदू नसतो. पेन्सिलीने काढलेल्या रेषेत ते भोक दिसत नाही, बारीक रिकामं वर्तुळ मुद्दाम काढावं लागतं. पडद्यावर आलेख काढणारी बरीच यंत्रंही ते गिळून टाकतात. म्हणून उत्तराशेजारी ‘क्ष ≠ २’ लिहायचं असतं. मघाच्या ३क्ष³ च्या गणितात खाली एक (क्ष − २) शिल्लक होता, तो स्वतःच सांगत होता की इथे २ चालणार नाही. पण (२क्ष² + ५क्ष − ३)/(२क्ष² − ७क्ष + ३) च्या उत्तरात, (क्ष + ३)/(क्ष − ३) मध्ये, १/२ चं नावसुद्धा उरलेलं नाही. छेदातून पूर्ण उडालेल्या अवयवाची मनाई उत्तर बघून कळत नाही, मूळ छेद बघूनच कळते. ती अवयव पाडल्याबरोबर, कापायच्या आधी लिहून ठेवावी. भागाकार असेल तर आणखी एक मनाई वाढते: ज्याने भागायचं त्या अपूर्णांकाचा अंशही शून्य होता कामा नये, कारण उलटल्यावर तोच छेदात जाणार.

हा काही काटेकोरपणाचा हट्ट नाही. (क्ष² − ४)/(क्ष − २) = ४ सोडवा. सरळरूप देऊन क्ष + २ = ४, म्हणून क्ष = २. सुरेख, एका ओळीत उत्तर, आणि हेच एक उत्तर चालणार नाही. या समीकरणाला उकलच नाही. मनाई लिहिली नसेल तर हे कळायला दुसरा मार्ग नाही, मूळ समीकरणात परत किंमत घालण्याखेरीज. उलट बाजूने, क्ष² = ३क्ष मध्ये दोन्हीकडचा क्ष उडवला की ३ मिळतो आणि ० हरवतो. तिथे खोटं उत्तर शिरतं, इथे खरं उत्तर निसटतं. दोन्हींचं मूळ एकच: जे शून्य असू शकतं त्याने, ते शून्य नाही असं न म्हणता, भागलं.

कापण्याला संस्कृत गणितात अपवर्तन म्हणत. समान संख्येने भागून लहान करणं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत कुट्टकाच्या सुरुवातीलाच त्याबद्दल सांगितलं आहे. कुट्टकात भाज्याला एका संख्येने गुणून, त्यात क्षेप मिळवून, हराने निःशेष भाग जायला हवा असतो. भाज्य, हर आणि क्षेप या तिघांनाही शक्य असेल तर एकाच संख्येने अपवर्तन द्यावं. आणि जिने भाज्याला आणि हराला भाग जातो तिने क्षेपाला जात नसेल, तर मांडलेलं गणितच सदोष. क्षेप म्हणजे मिळवलेली संख्या. वर एक पद मिळवलेलं असेल तर भाग त्यालाही गेला पाहिजे, नाहीतर कापू नका. (क्ष + ६)/(क्ष + २) वरची काट नेमकी इथे अडते.

आणि त्याच लीलावतीत शून्याबद्दल असंही आहे की एखाद्या राशीला शून्याने गुणलं आणि पुढे शून्यानेच भागायचं असेल, तर ती राशी जशीच्या तशी राहिली असं समजावं. त्यावर गणितही दिलंय: कोणत्या संख्येला शून्याने गुणून, त्यात त्याचंच निम्मं मिळवून, तिप्पट करून, शून्याने भागल्यावर ६३ येतात? उत्तर १४. चौदा आणि सात एकवीस, तिप्पट त्रेसष्ट, शून्याला शून्य उडाला. आजच्या चष्म्यातून बघितलं तर हे चालत नाही. पण शून्याच्या जागी शून्याच्या हवं तितकं जवळ जाणारी, तरीही शून्य नसलेली एखादी राशी ठेवली तर हाच हिशेब चोख होतो. पुढे कलनात, म्हणजे कॅल्क्युलसमध्ये, तेच आलं. (क्ष + ह)² मधून क्ष² वजा करून ह ने भागायचं, २क्ष + ह उरतं, आणि मग ह ला शून्य म्हणायचं. भागताना ह शून्य नव्हता, भागून झाल्यावर शून्य झाला, हे कसं काय, असा खोचक आक्षेप तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली यांनी १७३४ मध्ये घेतला होता, आणि त्याला पक्कं उत्तर मिळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. शाळेच्या वहीत ‘क्ष ≠ २’ न लिहिणारा मुलगा तसा बऱ्या संगतीत आहे.

कधीकधी अवयव दिसतच नाहीत. वर क्ष³ − ६क्ष² + ११क्ष − ६, खाली क्ष³ − क्ष² − ४क्ष + ४. वर सूत्र बसत नाही. सहगुणकांची बेरीज दोन्हीकडे शून्य येते, म्हणजे दोन्हीत (क्ष − १) आहे, हा एक धागा. पण त्याहून सुंदर वाट मसाविची, म्हणजे दोघांच्या सर्वांत मोठ्या सामाईक विभाजकाची आहे. दोन संख्यांचा मसावि काढताना मोठीतून लहान वजा करत जातो, युक्लिडच्या काळापासून. तेच बहुपदींनाही चालतं, गणिती सायमन स्टेव्हिन यांनी १५८५ मध्ये ते करून दाखवलं. वरून खालचं वजा करा: −५क्ष² + १५क्ष − १०. −५ बाहेर काढा: क्ष² − ३क्ष + २. जो अवयव दोघांत सामाईक आहे तो त्यांच्या वजाबाकीतही असणारच, आणि क्ष² − ३क्ष + २ ने भागून बघितलं तर दोघांनाही भाग जातो. वर क्ष − ३ उरतो, खाली क्ष + २. उत्तर (क्ष − ३)/(क्ष + २), एकही अवयव न पाडता. इथे मनाई शोधायला मात्र मसाविचे अवयव पाडावेच लागतात: त्यातून १ आणि २, आणि उरलेल्या छेदातून −२. आणि कधीकधी काही सामाईक नसतंच. (क्ष² + ९)/(क्ष + ३) बघून हात शिवशिवतो, पण क्ष² + ९ मधून (क्ष + ३)(क्ष − ३) वजा केलं तर १८ उरतात, त्या अठरांना क्ष + ३ ने भाग जात नाही. ‘सरळरूप द्या’ या सूचनेला ‘आहे तेच सरळरूप’ हे उत्तर असू शकतं, आणि पुस्तकांत असं गणित अधूनमधून असायला हवं. नसतं. त्यामुळे काहीतरी कापलंच पाहिजे अशी समजूत होऊन बसते.

सरळ म्हणजे आखूड, हीसुद्धा समजूतच. क्ष च्या शंभराव्या घातातून १ वजा करा आणि क्ष − १ ने भागा. न कापलेली राशी अर्ध्या ओळीत मावते. कापल्यावर येते ती क्ष च्या नव्व्याण्णवाव्या घातापासून १ पर्यंतची शंभर पदांची बेरीज. नियमाने तेच सरळरूप, आणि ते वाचवत नाही. यातली कोणती राशी सोपी, हे पुढे तिचं काय करायचं आहे त्यावर ठरतं. क्ष = १ ला काय होतं ते बघायचं असेल तर लांबलचक बेरीज बरी, चटकन १०० मिळतात. बाकी वेळी न कापलेलीच बरी.

पुन्हा त्या वहीकडे. बरोबरची लाल खूण चुकीची होती का, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. उत्तर बरोबर, गुण उत्तराला, आणि चाळीस वह्या समोर असताना प्रत्येक तिरकी रेघ कोण निरखणार. त्यातून ‘वजा-वजा अधिक’ करणाऱ्या हाताचं थोडं कौतुकही वाटतं. कोणी न शिकवता त्याने वर्गांच्या वजाबाकीचा एक नियमित नमुना पकडला होता, फक्त तो सगळीकडे चालतो असं धरून चालला होता. त्याच पानावर, दोन बोटं खाली, पुढचं गणित आहे: (क्ष³ − ८)/(क्ष − २). तीच निळी शाई, त्याच तिरक्या रेघा. क्ष³ वर काट, डोक्यावर क्ष², ८ वर काट, डोक्यावर ४, वजा-वजा अधिक. उत्तर क्ष² + ४. इथे लाल फुली आहे, फुलीखाली शेरा नाही. खरं उत्तर क्ष² + २क्ष + ४. वरच्या ओळीत जे केलं तेच खालच्या ओळीत केलं, वर खूण, खाली फुली, आणि मधल्या २क्ष चा पानावर कुठे मागमूस नाही.